मन चिंती ते वैरी न चिंती

माहेरी बाळंतपणाला आलेली एक मुलगी विळीला हात लावेना. घरच्यांना वाटलं, अंगात अजून ताकद आली नाही. मग तिनं सुरी, कात्री, अडकित्ता सगळं माळ्यावर टाकायला लावलं. बाळाजवळ मला एकटीला ठेवू नका, असं आईला सांगू लागली. शेवटी एका रात्री हुंदके देत बोलली : विळी दिसली की मनात येतं, माझ्याच हातून बाळाला काही झालं तर? नुसतं मनात येत नाही, चित्रच डोळ्यांपुढे उभं राहतं. झटकलं की दुप्पट जोरानं येतं.

तिची आई धावत माझ्या आत्याकडे आली. आत्या वाईला राहते. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाली, आणि आळीतल्या बायकांना मनातलं बोलायला तिच्याइतकी हक्काची जागा दुसरी नाही. तिनं जप दिला. पुढे जप पुरेना, तेव्हा माझ्या वहिनीला फोन गेला. वहिनी पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. मुलगी आता बरी आहे, आणि ओळख न देता लिहायला तिची हरकत नाही. तिच्यावरून आत्या आणि वहिनी यांच्यात जो वाद झाला तो मात्र लिहून ठेवावा असा आहे. दोघीही तिच्या भल्याचंच बोलत होत्या आणि तरी दोघींचं जमत नव्हतं.

आत्या : मी तिला वाईट काय सांगितलं? मनात नको ते आलं की रामनाम घे, एवढंच ना? पिढ्यान्‌पिढ्या माणसं यावरच तरली.

वहिनी : वाईट काहीच नाही, आत्या. पहिले काही दिवस तिला बरंही वाटलं. पण पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. माळ चालू असताना ते चित्र आलं की ती म्हणायची, माळ बाटली. पुन्हा पहिल्या मण्यापासून. बाळ पाळण्यात रडतंय आणि ही एकशे आठ पूर्ण झाल्याशिवाय त्याला उचलत नाही. कारण काय, तर अर्धवट माळ टाकून बाळाला हात लावला तर अघटित घडेल.

आत्या : म्हणजे दोष नामाचा?

वहिनी : नामाचा नाही. नाम कशासाठी घेतलं याचा. तुम्ही पहाटे जप करता तेव्हा कुणाला पळवून लावायला करत नाही. तिच्या हातात मात्र तो जप म्हणजे विचार पुसायचं फडकं झाला. ज्या क्षणी तिनं तो पुसायला घेतला, त्या क्षणी तिच्या मनानं मान्य केलं की हा विचार खरोखर भयंकर आहे, याला पुसलंच पाहिजे. मग मन पहाऱ्यालाच बसलं. आला का? पुन्हा आला का? शोधणाऱ्याला तो सापडणारच.

आत्या : मनाला आवर घालायचा नाही तर काय मोकाट सोडायचं?

वहिनी : १९८७ साली अमेरिकेत डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं साधा प्रयोग केला. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. पुढे त्याच लोकांना सांगितलं, आता खुशाल विचार करा. ज्यांनी आधी दाबला होता त्यांच्या मनात तो, सुरुवातीपासून खुशाल विचार करणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा आला. साध्या अस्वलाची ही गत. इथे तर आपल्या पोटच्या पोराचा प्रश्न.

आत्या : अस्वल ठीक आहे गं. पण आईच्या मनात असं येतंच कसं? आपल्याकडे म्हणतात ते उगाच का, मन चिंती ते वैरी न चिंती.

वहिनी : बघा, हे ज्यानं म्हटलं त्याला ठाऊक होतं की माणसाच्या मनात स्वतःबद्दल आणि आपल्या माणसांबद्दल वैऱ्याच्याही मनात येणार नाही असलं काहीबाही येतं. सगळ्यांच्या येतं. १९७८ साली लंडनमध्ये रॅकमन आणि डी सिल्वा यांनी धडधाकट माणसांना विचारलं, तुमच्या मनात नकोसे, किळसवाणे, हिंसक विचार येतात का? बहुतेकांनी हो म्हणून सांगितलं. मग त्यांचे विचार आणि रुग्णांचे विचार एकत्र करून तज्ज्ञांपुढे ठेवले, तर कोणता कुणाचा हे तज्ज्ञांनाही नीट सांगता येईना. विचारांच्या विषयात फारसा फरक नव्हता. फरक होता तो विचार किती वेळा, किती जोरानं आला आणि आल्यानंतर माणसानं काय केलं यात. गच्चीच्या कठड्याशी उभं राहिल्यावर 'उडी मारली तर' असं तुमच्या मनात कधी आलं नाही?

आत्या : आलंय. मेणवलीच्या घाटावर उभी असताना नातवाचा हात हातात होता, तेव्हाही काहीतरी भलतंच आलं होतं. मी 'शिव शिव' म्हटलं आणि घरी आले.

वहिनी : आणि मग पोळ्या लाटायला बसलात. तेच तर. ती बसली नाही. ती विचारत राहिली, हे माझ्या मनात का आलं? मी अशी आहे का? कॅनडात नव्या आयांचा अभ्यास झाला, त्यात जवळजवळ निम्म्या आयांनी सांगितलं की बाळाला आपणच इजा करतोय असे नकोसे विचार मनात येऊन गेले. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत बसून कुणी असं विचारतच नाही, म्हणून प्रत्येकीला वाटतं आपण एकटीच.

इथे आत्या बराच वेळ गप्प होती. ती हरली म्हणून गप्प नव्हती. तिच्या डोक्यात ग्रंथ चालू होते.

आत्या : थांब. तू म्हणतेस दाबू नये. पण मज्झिमनिकायात वितर्कसंस्थान नावाचं एक सुत्त आहे. मनात अकुशल विचार आला तर भिक्षूनं काय करावं याचे पाच उपाय भगवान बुद्धांनी त्यात सांगितलेत. एक, त्या जागी चांगला विचार आणावा. दोन, त्यातला धोका पाहावा. तीन, त्याच्याकडे लक्षच देऊ नये. चार, तो विचार ज्यातून उठतो ती धावपळ हळूहळू शांत करावी. आणि पाचवा, दातावर दात दाबून, जीभ टाळूला लावून मनानंच मनाला चेपावं. म्हणजे दाबणं आहेच की त्यात.

वहिनी : सगळ्यात शेवटी आहे, बाकीचे चार थकल्यावर. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ते कुठल्या विचारांबद्दल सांगितलंय?

आत्या : लोभ, द्वेष, मोह यांच्याशी जोडलेले.

वहिनी : म्हणजे मनाला जे हवंहवंसं वाटतं ते. मन ज्याच्या मागे धावतं, ज्यात रमतं, त्याला मागे खेचायचं. समर्थांचे मनाचे श्लोक घ्या, तिथेही सांगणं वासनेपासून दूर राहण्याचं आहे. या मुलीच्या मनात वासना कुठे आहे? तिला ते चित्र नकोच आहे. बाळावर तिचा जीव आहे, म्हणूनच ते चित्र तिला चिरतं. बाळाबद्दल ती बेफिकीर असती तर तिला रात्रभर झोप लागली असती. वासनेवरचा उपाय आपण भीतीवर लावला, आत्या. वासनेला लगाम लागतो. भीतीला लगाम लावला की ती उधळते.

मला वाटतं, अख्ख्या वादाचा कणा इथे आहे. आपल्या संतांनी, आचार्यांनी मनाबद्दल जे सांगितलं ते अपार खोल आहे, पण त्यातला उपदेश बहुधा रमणाऱ्या मनाला आहे. थरकापलेल्या मनाला तोच उपदेश केला तर ते स्वतःला पापी समजू लागतं. आणि स्वतःला पापी समजणारी बाळंतीण बाळाजवळ जात नाही.

आत्या : पटतंय. पण भीतीचंही आपल्याकडे आहे. वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, म्हणून भरल्या घरात अभद्र बोलू नये. मी तिला तेच सांगितलं होतं, असलं तोंडातून काढूसुद्धा नकोस.

वहिनी : ते तिला फार लागलं. तिनं माझ्याजवळ पहिलं वाक्य काढलं ते हेच, की ताई, मी बोलले आणि खरं झालं तर? मनात येणं आणि घडणं यांच्यातली भिंतच तिच्यापुरती पडली होती. विचार आला म्हणजे निम्मं घडलंच, असं वाटायला लागलं की माणूस विचारालाच कृत्यासारखा भितो. या आजारात हे पुष्कळदा दिसतं.

आत्या : आजार म्हणतेस. नाव काय त्याचं?

वहिनी : ओसीडी. मराठीत मंत्रचळ म्हणतात. लोकांना हात धुणं, कुलपं तपासणं एवढंच माहीत असतं. पण कित्येकांचं सगळं कर्मकांड मनातल्या मनात चालतं. मोजणं, जप, आठवून तपासणं, 'मी तसा नाही ना' हे स्वतःला पटवत राहणं. बाहेरून काहीच दिसत नाही. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा त्रास सुरू होण्याची किंवा वाढण्याची शक्यता जास्त असते. आणि हा त्रास असलेल्या देवभोळ्या माणसाला कधी कधी देवाबद्दलच घाण शब्द सुचतात. जॉन बन्यन म्हणून इंग्लंडात मोठा धर्मोपदेशक होऊन गेला. त्यानं १६६६ साली आत्मकथनात लिहून ठेवलंय, की ख्रिस्ताला विकून टाक असा विचार त्याच्या मनात रात्रंदिवस घुमायचा आणि तो 'नाही, नाही' म्हणून झगडायचा. ज्याला जे सर्वांत प्रिय, त्यावरच घाला.

आत्या : आमच्याकडे एक गृहस्थ आरती मधेच थांबवून पुन्हा हात-पाय धुऊन येतात. पुन्हा पहिल्यापासून. घरातले वैतागलेत. मला वाटायचं, सोवळ्याचे कडक आहेत.

वहिनी : बघून सांगता येणार नाही, पण विचारायला हवं कुणीतरी. प्रेमानं.

आत्या : बरं, मग तू त्या मुलीला काय सांगितलंस? विचार येऊ दे म्हणून? विळी हातात दे म्हणून? तिची आई मला म्हणाली, तुमच्या सूनबाईंनी विळी खाली काढायला लावली. माझ्या अंगावर काटा आला.

वहिनी : आधी डॉक्टरांकडे पाठवलं. बाळंतपणानंतर आणखी एक दुर्मीळ आजार होतो, हजारात एकदोघींना. त्यात बाई सैरभैर होते, दिवसचे दिवस झोपत नाही, आवाज ऐकू येतात, बाळात सैतान आहे असं तिला खरंच वाटतं आणि त्यात तिला काही वावगं वाटत नाही. तसं असेल तर एक दिवसही थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. आणि कुणी इतकी खचली असेल की जगणंच नको म्हणते, तर तीही तातडीची गोष्ट. या मुलीचं तसं नव्हतं. तिला विचाराची भीती होती, किळस होती, तो आपल्या स्वभावाविरुद्ध आहे हे तिला कळत होतं. डॉक्टरांनी हे सगळं नीट तपासलं, मगच आम्ही पुढे गेलो.

आत्या : आणि औषध? अंगावर पाजणारी बाई.

वहिनी : सर्ट्रालिनसारखी औषधं पाजणाऱ्या आईलाही देतात, दुधात फार थोडी उतरतात. गुण यायला आठ ते बारा आठवडे जातात, म्हणून मधेच सोडायची नाहीत. ते डॉक्टर बघतात. माझं काम विळीचं.

मग वहिनीनं जे सांगितलं ते मी जवळजवळ तिच्याच शब्दांत देतो. या उपचाराबद्दल ऐकीव गैरसमज फार आहेत.

वहिनी : १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञानं हे पहिल्यांदा मांडलं. ज्याची भीती वाटते त्याच्या समोर जायचं आणि त्यानंतरचं कर्मकांड करायचं नाही. दोन्ही एकत्र. नुसतं समोर जाऊन मनात जप चालू ठेवला तर उपयोग नाही. आम्ही दोघींनी मिळून एक शिडी केली. सगळ्यात खालची पायरी म्हणजे विळी माळ्यावरून काढून स्वयंपाकघरात ठेवायची, बाळ दुसऱ्या खोलीत. भीतीला शंभरपैकी किती गुण, हे तिनंच सांगायचं. मग दुधी चिरायचा, बाळ आजीच्या मांडीवर, त्याच घरात. मग त्याच खोलीत. चित्र आलं तर येऊ दे. झटकायचं नाही, माळ घ्यायची नाही, 'मी असं करणार नाही ना गं आई' असं विचारायचं नाही. हात थरथरत होते तिचे. फोडी सगळ्या वेड्यावाकड्या. मी म्हटलं, फोडी कशा झाल्या ते बघायला आपण आलो नाही, चिर. भीती वर चढली, चढली, आणि काही न करता हळूहळू उतरायला लागली. एखाद्या दिवशी उतरलीही नाही, तरी दुधी चिरून झाला. हे जास्त महत्त्वाचं. भीती असतानाही हात आपले आहेत, हे तिला कळलं.

आत्या : शेवटची पायरी?

वहिनी : घरात ती आणि बाळ दोघंच. बाळ पाळण्यात, ती शेजारी पाटावर बसून मेथी निवडतेय आणि कांदा चिरतेय. तिथे पोचायला आठवडे गेले. आणि एक सांगते, हे कुणी वाचून घरच्या घरी सुरू करू नये. निदान पक्कं व्हायला हवं आणि शेजारी जाणकार हवा.

आत्या : तिच्या आईचं काय? ती बिचारी दिवसातून पन्नास वेळा सांगायची, बाळे, तू असं करणारच नाहीस. तेही बंद केलंस म्हणे. पोर विचारतेय आणि आईनं दगडासारखं गप्प बसायचं? हे मला अजून जड जातंय.

वहिनी : मलाही जड गेलं. पण तुम्हीच सांगा, पन्नास वेळा सांगून एकावन्नावी वेळ चुकली का? उत्तर मिळालं की घटकाभर बरं वाटतं आणि शंका तिथेच राहते, उलट तिला कळतं की विचारलं की मिळतं. गप्प बसायचं नाही. मी आईला एक वाक्य दिलं होतं : 'हे तू विचारत नाहीस, ती भीती विचारतेय. तिला मी उत्तर देणार नाही. तू माझ्याजवळ बस.' आणि खरंच जवळ घ्यायचं. उत्तर द्यायचं नाही, माया मात्र आखडायची नाही.

आत्या : हे चांगलं आहे. हे मी आधी सांगितलं असतं.

वहिनी : तुम्ही सांगितलं असतं तर तिला माझ्यापेक्षा लवकर पटलं असतं.

आत्या : आता माझं ऐक. गीतेच्या सहाव्या अध्यायात मन जिथे जिथे जाईल तिथून परत आणावं असं सांगितलंय. मारून आणावं असं नाही सांगितलं. अभ्यास आणि वैराग्य, हे दोन शब्द आहेत. वैराग्य म्हणजे विचाराशी वैर नव्हे. आला, गेला, माझं काही देणं-घेणं नाही. तुझ्या दुधी चिरण्यात मला हेच दिसतं. त्यामुळे तू जप बंद केलास हे मला मान्य नाही. उद्या ती मुलगी म्हणेल, ताईंनी देव सोडायला सांगितला.

वहिनी : बंद नाही केला. त्याची वेळ बदलली. सकाळी आंघोळीनंतर, मनात काही असो नसो, ठरलेला तेवढा. चुकला तर चुकला, पुन्हा पहिल्यापासून नाही. आणि चित्र आलं म्हणून कधीच नाही. भीतीनं हाक मारली की तेव्हा माळ हातात घ्यायची नाही.

आत्या : मण्यांची मोजदाद नको. नुसतं नाम.

वहिनी : ते जास्त चांगलं.

आत्या : पण तुझं शास्त्र पुण्यात. इथे आळीत कोण आहे? सासरी कळलं तर म्हणतील बाहेरचं झालंय, नाहीतर थेट येरवड्याच्या मनोरुग्णालयाचं नाव काढतील. म्हणून बायका माझ्याकडे येतात. फी नाही, फाईल नाही, कुणी बघितलं तरी हळदीकुंकवाला गेली म्हणता येतं.

याला वहिनीकडे उत्तर नव्हतं, आणि ते तिनं मान्य केलं. मला आत्याचं हे म्हणणं सगळ्यात खरं वाटतं. उपचार आहेत, चांगले आहेत, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभागही असतो. पण पहिला शब्द पडतो तो आईच्या, आत्याच्या, शेजारणीच्या कानावर. तिथे 'अगंबाई, असं कसं तुझ्या मनात आलं' असं निघालं की पुढचं दार बंद. ती मुलगी पुन्हा बोलणार नाही, मनातल्या मनात मोजत राहील. आत्यानं आता आपल्या भजनी मंडळात हा विषय काढलाय. तिची पद्धत तिची आहे, ती गीतेपासून सुरू करते. वहिनीला त्यातलं सगळं पटत नाही. तरी पहिल्याच बैठकीनंतर दोन बायका मागे थांबल्या.

वाचकांना माझी विनवणी एवढीच. तुमच्या घरातल्या बाळंतिणीनं, मुलानं, वडिलांनी, कुणीही असा विचार बोलून दाखवला तर दचकू नका. बाळ तिच्या हातून काढून घेऊ नका, पाप-पुण्य काढू नका, 'विचारच करू नकोस' असं सांगू नका. असं पुष्कळांच्या मनात येतं, एवढं सांगा आणि सोबत चला. ती भ्रमिष्टासारखी वागत असेल, आवाज ऐकू येत असतील, जीव नकोसा म्हणत असेल तर लगेच दवाखाना गाठा. एरवी कुठे जावं कळत नसेल तर सरकारची 'टेलि-मानस' ही फोनसेवा आहे, २०२२ साली सुरू झालेली. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.